पहिला घाव मालकाचा

झाड उतरवायला बाई येणार म्हटल्यावर माणसं आधी हसायची. मग कौसाआक्का टेम्पोतून खाली उतरायची आणि हसू आपसूक बंद व्हायचं. अंगात साधं पातळ, त्यावर नवऱ्याचा फुल बाह्यांचा शर्ट, डोक्यावर कुठल्यातरी कंपनीतलं पिवळं हेल्मेट, खांद्यावर दोराचं वेटोळं. वय साठीच्या पुढं, उंची बेताची. आवाज मात्र असा, की शेजारच्या रानातला ट्रॅक्टरवाला ट्रॅक्टर बंद करून "मला हाक मारली का?" म्हणून विचारायला आलेला मी या डोळ्यांनी पाहिलाय.

गाव कळस. घराला खेटलेली, वाकलेली, भिंतीत घुसलेली मोठी झाडं उतरवायची, हे तिचं काम. फोनवर कुणी "झाड तोडायचंय" म्हटलं की ती म्हणायची, "तोडायला ऊस हाय. झाड उतरवत्यात." खरंच होतं ते. रानातलं झाड आडवं केलं तरी चालतं. घराजवळचं झाड शेंड्यापासून सुरू करायचं, एकेक फांदी दोराला बांधायची, मगच कापायची आणि माडीवरून लेकरू खाली घ्यावं तशी अलगद खाली घ्यायची. वर चढायला तिचा जावई भीमा, खाली दोर धरायला दोन गडी. आक्का स्वतः चढायची नाही, फांद्या कापायच्या मशीनलाही हात लावायची नाही. ती खाली उभी राहून सांगायची. कुठली फांदी आधी, दोर कुठल्या बेचक्यातून, कुणी कुठं उभं राहायचं. तिनं हात वर केला की मशीन बंद. का म्हणून विचारायची कुणाची टाप नव्हती.

आल्या आल्या ती झाडाकडं बघायचीच नाही. आधी घराला चक्कर. "झाड कुठं पळून चाललंय? माणसं कुठं झोपत्यात ते दावा आधी." मग घरातली सगळी माणसं बाहेर, गॅसची टाकी बाहेर, गोठ्यातली जनावरं लांब. बारामतीत एका बंगल्यात तर देवघरसुद्धा झाडाच्या बाजूला होतं. आक्का म्हणाली, "देव बी बाहेर घ्या." मालकीणबाई म्हणाल्या, "अहो, देवाला काय होतंय?" आक्का म्हणाली, "त्याला न्हाय हुयाचं, काच फुटंल फोटूची. मग माझ्या नावानं बोंबलाल." देव बाहेर आले, तुळशीपाशी बसले आणि दिवसभर काम बघत राहिले.

त्याच बंगल्यात चहा आला. घरच्यांना चिनी मातीचे कप आणि आक्काच्या माणसांना कागदी. आक्कानं कागदी कप हातात घेतला, फिरवून बघितला आणि अगदी काळजीनं विचारलं, "बाई, घरातले कप फुटले व्हय?" मालकीणबाई लाल झाल्या. आत जाऊन चार कप घेऊन आल्या. भीमा मला ही गोष्ट सांगताना अजून हसतो. म्हणतो, "मामी भांडत न्हाय वो. नुसती चौकशी करती."

पण आक्का पंचक्रोशीत गाजली ती कपामुळं नाही. तिच्या एका अटीमुळं गाजली. झाड काढायच्या परवानगीचा कागद ती चष्मा लावून वाचायची आणि विचारायची, "नाव कुणाचं हाय ह्याच्यावर? मंग पहिला घाव त्याचा."

आता हे परक्याला नुसतं ऐकून कळणार नाही, म्हणून उलगडून सांगतो. आमच्याकडं उंबर, वड, पिंपळ यांना कुणी कुऱ्हाड लावत नाही. उंबरात दत्त, पिंपळावर मुंजा. झाड भिंत फोडून आत आलं तरी हात जोडायचे. आणि अगदीच जिवावर आलं की मग आमची हुशारी बघा. वस्तीवरच्या बौद्ध माणसाला बोलवायचं. का? तर "तुमच्यात चालतंय." म्हणजे झाड आमच्या घरावरचं, गरज आमची, आणि दोष लागायचा तो त्याला. पिढ्यानपिढ्या ही सोय चालली आहे, आणि आम्हाला यात कधी काही वावगं वाटलं नाही. आम्हाला म्हणजे मलाही.

आक्काचा नवरा, नाना, हेच काम करायचा. एका गावात उंबर उतरवताना दोर तुटला आणि तो खाली आला. कमरेखालचं गेलं ते गेलंच. दवाखान्याच्या व्हरांड्यात आक्का बसली होती. त्या घरची माणसं भेटायला आली, केळी घेऊन. जाताना जिन्यात एक म्हातारी दुसरीला म्हणाली, "सुटलो बाई. आपल्यावरचं त्याच्यावर गेलं." आक्कानं ते ऐकलं. केळी तिनं तशीच त्यांच्या मागं जिन्यात नेऊन दिली.

"दोष दोराचा हुता," ती पुढं कधी सांगायची तेव्हा एवढंच सांगायची. "दोर जुना हुता. बाकी कुनाचा काय न्हाय."

तिथून पुढं दोर तिनं हातात घेतला. नाना खाटेवर बसून रोज दोराचा हात न् हात तपासायचा, पीळ सुटलाय का बघायचा. आणि अट सुरू झाली. पहिला घाव मालकाचा, चारचौघांत, दिवसाउजेडी. मग पुढचं काम आमचं.

या अटीतून सुटायला लोकांनी काय काय केलं! एकानं गड्याला पुढं केलं. आक्कानं गड्याला विचारलं, "घर तुझ्या नावावर केलं व्हय मालकानं? पेढे कुठायत?" बारामतीतल्या एका साहेबांनी कुऱ्हाड हातात घेतली, इकडं तिकडं बघितलं आणि बुंध्याला नुसतं पातं टेकवलं. साल सुद्धा हलली नाही. आक्का म्हणाली, "सायेब, टिकली लावताय काय झाडाला?" बघायला जमलेली पोरं फिदीफिदी हसली आणि त्या रागात साहेबांनी जो घाव घातला, त्यातून कुऱ्हाड काढायला भीमाला दोन्ही पाय लावावे लागले.

आता आमच्या घरचं सांगतो, आणि खरं तेच सांगतो.

लासुर्ण्याला आमचं घर. मागच्या भिंतीला पिंपळ. मुळं भिंतीतून आत आलेली, फरशी उचललेली, आणि एक दांडगी फांदी मागच्या खोलीच्या पत्र्यावर झुकलेली. त्या खोलीत माझी आई झोपायची. तिचे गुडघे गेलेले, ती खोली न्हाणीजवळ, म्हणून दुसरीकडं जायला तयार नाही. वारं सुटलं की पत्रा करकरायचा आणि मी पुढच्या खोलीत जागा व्हायचो. माझा बाप, आबा, म्हणजे गावातलं वजनदार माणूस. झाडाला हात लावायचं नाव काढलं की म्हणायचा, "माझ्या हातनं न्हाय."

परवानगीचा कागद तेवढा त्यानं आपल्या नावानं काढू दिला. म्हणून मी कळसला गेलो. आक्का दारात बसून विळ्याला धार लावत होती. मी आपलं सहज बोलल्यासारखं बोललो, "आक्का, पिंपळ हाय. आमच्यात कुनी हात लावत न्हाय. तुमच्यात चालतंय, म्हनून आलो."

विळा थांबला. "आमच्यात काय चालतंय?"

तिनं विळ्यानंच गल्लीच्या टोकाकडं दाखवलं.

"आमच्या विहारापुढं पिंपळ लावलाय. रोज पानी घालती मी त्याला. आमच्यात त्याच्याखाली बसून बुद्धाला ज्ञान झालं. तुमच्यात त्याच्यावर मुंजा बसतो. आता तूच सांग, हात लावायला जीव कुनाचा जास्त तुटत आसंल?"

जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. मी उठायला लागलो तर म्हणाली, "बस. च्या घे. म्हातारी कुठं झोपती ते सांग."

दुसऱ्या दिवशी ती आली. चक्कर मारली, आईच्या खोलीत गेली, उशाशी आलेलं मूळ हातानं चाचपलं. बाहेर येऊन म्हणाली, "झाड चांगलं हाय, जागा वंगाळ हाय. उतरवावं लागंल. आबा, कुऱ्हाड घ्या."

आबा ओट्यावर बसलेला. तिथूनच म्हणाला, "घाव मी घालायचा, मग तुला कशाला बोलावलं?"

"मला झाड उतरवायला बोलावलंय," आक्का म्हणाली. "पाप वाहायला हमाल बगा दुसरा."

गल्लीतली दहा-वीस माणसं उभी होती. आबाच्या तोंडावर असं कुणी बोललेलं गावानं ऐकलं नव्हतं. आबा उठून आत गेला. आक्कानं दोर गुंडाळला, गड्यांना टेम्पोत बसवलं आणि गेली. मी तिच्या मागं टेम्पोपर्यंत धावलो. "आक्का, घाव मी घालतो की!" ती म्हणाली, "कागदावर तुझं नाव न्हाय. आनि म्हातारीला तवर पुढच्या खोलीत झोपव. उचलून न्हे, पर न्हे." आई काही आली नाही. मीही फार जोर केला नाही.

मग आम्ही ते केलं जे आमच्यासारखी माणसं करतात. गावात प्रत्येकाला माहीत असतं, कुणी बोलत नाही. झाडाच्या मुळात भोकं पाडायची, हिंग आणि तणनाशक भरायचं, वर शेणमाती लिंपायची. झाड आपसूक वाळतं. आपसूक, हा त्यातला महत्त्वाचा शब्द. कुणी तोडलं नाही, कुणी घाव घातला नाही, देवानं नेलं. आबा म्हणाला, "तुज्या कंपनीत मशीन आसंल की भोक पाडायचं." एवढंच. मी एमआयडीसीत दुधाच्या प्लँटमध्ये मेंटेनन्सला आहे. रविवारी ड्रिल आणलं आणि भर दुपारी, गल्ली झोपली असताना, अकरा भोकं पाडली. आबा आत रेडिओ मोठा करून बसला होता.

पिंपळ मेला. उन्हाळ्यापर्यंत पानं पिवळी पडून गळाली, पावसाळ्यात नवीन आलीच नाहीत. शेजारणी म्हणाल्या, "कुणाची नजर लागली गं." आबा "व्हय व्हय" म्हणायचा. आम्हाला वाटलं, सुटलो. पण झाड मेलं म्हणून पडतं थोडंच? ते तसंच उभं राहिलं, वाळून खडंग. आणि एक दिवस, वाऱ्याची झुळूकसुद्धा नसताना, ती दांडगी फांदी पत्रा फोडून आत आली. आईच्या खाटेचे दोन तुकडे झाले. आई त्या वेळी ज्वारी निवडायला म्हणून ओट्यावर येऊन बसली होती. पाच मिनिटं आधी आली होती, पाच मिनिटं.

आबा त्या तुटक्या खाटेकडं बघत उभा राहिला. मग मला म्हणाला, "गाडी काढ. कळसला जायचंय."

आक्कानं आम्हाला दारात बघितलं, काही टोमणा मारला नाही. "म्हातारी?" एवढंच विचारलं. आहे म्हटल्यावर, "उद्या येती," म्हणाली.

आली. गल्ली परत गोळा झाली. या वेळी ती सरळ बुंध्याशी गेली. कुऱ्हाडीच्या तुंब्यानं, म्हणजे मागच्या बोथट बाजूनं, ठोकलं, कान लावला. मग खाली बसली. विळ्याच्या टोकानं मुळावरची शेणमाती खरवडली. एक भोक. दुसरं. तिसरं. सगळी उघडी पडेपर्यंत ती मोजत राहिली. मला आकडा पाठ होता. ती उठली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर मी प्रथमच राग बघितला.

"ह्यो घाव कुनाचा?"

तिनं गल्लीवरून नजर फिरवली आणि ती आबावर येऊन थांबली.

"पहिला घाव तुमी कवाच घातलाय की, आबा. चोरून घातलाय. एक न्हाय, अकरा." आवाज तिनं चढवला नाही, तेच भयंकर होतं. "जितं झाड मानसाचं वजन पेलतं. त्याच्यावर दोर टाकला तर धरतं. ह्ये मढं हाय, ह्याच्यावर चिमनी बसली तरी फांदी मोडंल. तुमच्या हाताला दोष लागू नये म्हनून माझ्या पोरीचा नवरा चढवू व्हय ह्याच्यावर? एक मानूस दिलंय मी. दुसरं न्हाय देनार!"

भीमा शेजारी उभा होता, त्यानं मामीच्या खांद्यावर हात ठेवला. तिनं तो झटकला.

मी म्हणालो, "आक्का, भोकं मी पाडली."

"तुला इचारलं न्हाय मी. नाव कुनाचं हाय कागदावर?"

आबा पुढं आला. चार पावलं असतील, पण त्याला किती वेळ लागला! सगळी गल्ली बघत होती. ज्यांची भांडणं त्यानं मिटवली होती ती माणसं, ज्यांच्या पोरांच्या लग्नात तो मांडवात पुढं बसला होता ती माणसं. तो म्हणाला, "माझं. मी सांगितलं पोराला. झाड मी मारलंय." मग आक्काकडं वळून, उभ्या जन्मात पहिल्यांदा तिला अहो-जाहो करत म्हणाला, "तुमी सांगा आता, काय करू?"

आक्कानं कुऱ्हाड त्याच्या हातात दिली.

पहिला घाव घसरला. कुणी हसलं नाही. दुसरा बसला, चांगला बोटभर आत. आबाच्या डोळ्याला पाणी होतं आणि त्यानं ते पुसलं नाही.

भीमाला तिनं चढू दिलं नाहीच. पाळणा लावलेला हायड्रा, म्हणजे क्रेन, मागवला. तो गल्लीतून झाडापर्यंत येईना, म्हणून आबानं स्वतःहून आमच्या अंगणाची भिंत पाडायला लावली. दुसऱ्या दिवशी भीमा पाळण्यात उभा, फांदीला न टेकता, आणि आक्का खाली हात वर धरून. सकाळपासून ऊन कलेपर्यंत काम चाललं. एक ढलपी घरावर पडली नाही. शेवटी बुंधा आडवा झाला तेव्हा शेजारच्या ओट्यावर बसलेली आई म्हणाली, "कसला उजेड आला गं बाई!" आणि मग तिलाच रडू फुटलं.

त्या हिवाळ्यात आबा बांधावरून घसरला, मांडीचं हाड मोडलं. झालं! गावाला हवंच होतं. "पिंपळ भोवला. त्या कळसच्या बाईला आणायला नको होतं," म्हणत लोक भेटायला यायचे. आबा खाटेवरून प्रत्येकाला तेच ऐकवायचा, "घाव माझा हाय. पडलो बी मीच, माझ्या पायानं. त्यांचं नाव काढायचं न्हाय ह्या घरात." एका चुलत भावानं तरी काढलंच, तर त्याला अर्ध्या चहावरून उठवला.

हे मी मोठ्या कौतुकानं आक्काला सांगायला गेलो. वाटलं, तिला बरं वाटेल. ती म्हणाली, "मग? खरं बोलला म्हनून आरती ओवाळू व्हय?" आणि थोड्या वेळानं, आत जाता जाता, "हाड जुळलं का पर म्हाताऱ्याचं?"

मला ती शेवटची दिसली ती बारामतीच्या रस्त्यावर. सकाळी मोटारसायकलवरून ड्यूटीला निघालो होतो. एका नव्या बंगल्याच्या कडेला जुना उंबर, पार गच्चीवर रेललेला. खाली टेम्पो उभा, आणि फाटकासमोर आक्का दोराच्या वेटोळ्यावर बसलेली. हात केला, तिनंही केला. संध्याकाळी ड्यूटी सुटून परत आलो तर उंबर तसाच. टेम्पो तसाच. भीमा आणि गडी टेम्पोत आडवे झालेले. आक्का तिथंच बसलेली, हेल्मेट मांडीवर. बंगल्याचं दार बंद, आणि खिडकीच्या पडद्याआडून कुणीतरी बघत होतं.

मी गाडी थांबवली. "आक्का, अजून हितंच? घाव घालीत न्हाय व्हय मालक?"

"न्हाय म्हनतो."

"मग चला की घरी. आमच्याकडनं तुमी गेला हुता तसं. येईल मालक हुडकत मागनं."

आक्कानं माझ्याकडं वर बघितलं. रागानं नाही. "तुमच्याकडनं उठून गेले आनि तितंच चुकलं माझं," ती म्हणाली. "उठून गेलं की मागनं लोक भोकं पाडत्यात. म्हातारी वाचली तुजी, पर ते झाड माझ्या उठन्यानं मेलं. आता घाव पडल्याबगर मी उठत न्हाय."

असं म्हणून तिनं हेल्मेट डोक्यावर चढवलं, त्या बंद दाराकडं तोंड केलं आणि मांडी घालून नीट बसली.